चित्रफितीचा दुवा आणि प्रताधिकाराचा भंग

१. प्रश्नाचे स्वरूप

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे गाव कांद्याच्या बाजारपेठेमुळे सर्वत्र विख्यात आहे. तेथील बाजार समितीच्या आवारात लिलाव सुरू झाला, की त्या दिवशीचा भाव थोड्याच वेळात भ्रमणध्वनीवरून गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत जाऊन पोहोचतो. लिलावाची चित्रफीत कोणी यूट्यूबवर ठेवतो, तिचा दुवा, म्हणजे व्यवहारातील 'लिंक', दुसरा कोणी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पाठवितो, आणि ज्याची गाडी अद्याप शेतातच उभी आहे असा शेतकरी ती पाहून आपला माल आज न्यावा की उद्या, याचा निर्णय करतो. अशाच एखाद्या गटात सायंकाळी नव्या मराठी चित्रपटाचा दुवाही येऊन पडावा, आणि तो चित्रपट तर नाशिकच्या चित्रपटगृहांतून अद्याप चालू असावा, ही गोष्ट आज कोणासही नवलाची वाटणार नाही.

हे दोन्ही दुवे दिसावयास सारखेच असतात. अक्षरे आणि चिन्हे यांची ती केवळ एक ओळ होय. तीवर बोट टेकले की चित्रफीत उघडते. तथापि कायद्याच्या दृष्टीनेही ते सारखेच आहेत काय? दुवा पाठविणाऱ्याने चित्रफीत स्वतः तयार केलेली नाही, तिची प्रत काढलेली नाही, ती कोठे साठविलेलीही नाही. त्याने केवळ ती कोठे आहे एवढे सांगितले. असे सांगणे हा प्रताधिकाराचा, म्हणजेच व्यवहारात ज्यास कॉपीराइट म्हणतात त्या हक्काचा, भंग होऊ शकतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. एका बाजूस मराठी चित्रपटाचा निर्माता आहे. त्याच्या चित्रपटाचे उत्पन्न बहुतांशी प्रदर्शनानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ठरते आणि चोरट्या प्रतीचा दुवा त्याच आठवड्यांत सर्वांत वेगाने फिरतो. दुसऱ्या बाजूस दुवा पुढे पाठविणारा सामान्य माणूस आहे. प्रताधिकार अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील अपराध दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनल या प्रकरणात दिला. दुवा पाठविणे हे त्या कलमात बसते की नाही, यावर त्या माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहू शकते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सावधपणे शोधणे अगत्याचे आहे.

२. दुवा म्हणजे नेमके काय

येथे प्रथमच एक घोटाळा दूर केला पाहिजे. बोलताना 'व्हिडिओ पाठविला' असे सरसकट म्हटले जाते. परंतु या एका शब्दप्रयोगाखाली किमान चार भिन्न क्रिया दडलेल्या असतात.

पहिली क्रिया प्रत्यक्ष चित्रफीतच संचिकेच्या रूपाने पाठविण्याची होय. येथे नवी प्रत तयार होते आणि ती दुसऱ्याच्या हाती जाते. हा दुवा नव्हेच. परवानगीवाचून असे करणे हा भंगाचा सरळ प्रकार आहे, आणि प्रस्तुत चर्चेतून तो वगळणे योग्य. दुसरी क्रिया साध्या दुव्याची. त्यात केवळ पत्ता असतो. चित्रफीत मूळ ठिकाणीच राहते आणि पाहणारा स्वतः तेथे जातो. तिसरी क्रिया अंतःस्थापनाची. एखाद्या संकेतस्थळाच्या पानावरच चौकट उघडून दुसऱ्या ठिकाणची चित्रफीत तीत दाखविली जाते. चित्रफीत येथेही मूळ ठिकाणाहूनच येत असते, मात्र पाहणाऱ्यास ती याच पानाचा भाग वाटते. चौथी क्रिया कुलूप चुकविणाऱ्या दुव्याची. जी चित्रफीत केवळ वर्गणीदारांसाठी ठेवलेली आहे, तिच्यापर्यंत वर्गणी न भरता पोहोचविणारी वाट त्यात दाखविलेली असते.

या चारींतील भेद बाजाराच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. बाजाराच्या आवारात अमुक व्यापाऱ्याचा गाळा कोठे आहे असे कोणी विचारले आणि दुसऱ्याने बोट दाखविले, तर त्याने माल विकला असे कोणी म्हणत नाही. तो माल चोरीचा आहे हे ठाऊक असूनही जो गिऱ्हाइकांस तेथे नेऊन सोडतो आणि त्याबद्दल दलाली घेतो, त्याची गोष्ट निराळी. आणि गोदामाच्या बंद दारास मागून खिंडार आहे हे जो लोकांस दाखवून देतो, त्याची त्याहूनही निराळी. बोट दाखविणे ही क्रिया तिन्ही ठिकाणी एकच. तिचा अर्थ मात्र माल, दार आणि बोट दाखविणाऱ्याची जाणीव यांवरून ठरतो. न्यायालयांनी निरनिराळ्या देशांत जो मार्ग काढला आहे, तोही पुष्कळ अंशी याच दिशेने जातो.

३. अधिनियमाची चौकट

भारताचा प्रताधिकार अधिनियम १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. चौदाव्या कलमान्वये चित्रपटाच्या प्रताधिकारात प्रत काढण्याचा, प्रती विकण्याचा अगर भाड्याने देण्याचा आणि चित्रपटाचे लोकांपर्यंत संप्रेषण करण्याचा असे हक्क येतात. चित्रपट या संज्ञेत दृश्यमुद्रण असलेली कोणतीही चित्रफीत मोडते. म्हणून लासलगावच्या लिलावाचे भ्रमणध्वनीवर केलेले चित्रणही या हक्कास पात्र ठरते. यात एक बारकावा आहे. त्या दिवशीचा कांद्याचा भाव ही वस्तुस्थिती होय, आणि वस्तुस्थितीवर कोणाचाही प्रताधिकार नसतो. कल्पना, विषय वा ऐतिहासिक तथ्ये यांवर प्रताधिकार नसून त्यांच्या आविष्कारावर तो असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले आहे. भाव कोणीही कोणासही सांगावा. चित्रफितीची प्रत मात्र तिच्या कर्त्याच्या अनुमतीने काढावी.

दुव्याच्या दृष्टीने कळीची व्याख्या दुसऱ्या कलमात आहे. एखादी कृती लोकांस पाहता, ऐकता वा अन्य प्रकारे आस्वादता यावी अशा रीतीने ती उपलब्ध करून देणे म्हणजे लोकांपर्यंत संप्रेषण होय, मग ते सर्वांस एकाच वेळी असो की ज्याने त्याने निवडलेल्या स्थळी व वेळी असो. आणि प्रत्यक्षात कोणी ती पाहिली की नाही, याने फरक पडत नाही, असा तिचा आशय आहे. २०१२ च्या दुरुस्तीने या व्याख्येस आजचे रूप आले. १९९६ च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या प्रताधिकार करारातील आठव्या अनुच्छेदाशी ती मिळतीजुळती आहे. भारत त्या करारात २०१८ साली सामील झाला.

व्याख्येतील 'उपलब्ध करून देणे' या शब्दांवर सर्व वाद उभा आहे. एक पक्ष असे म्हणू शकतो, की ज्याला चित्रफितीचा ठावठिकाणा माहीत नव्हता त्यास तो देणे म्हणजे ती उपलब्ध करून देणेच होय. दुसरा पक्ष म्हणेल, की चित्रफीत आधीच उपलब्ध झालेली आहे. उपलब्ध केली ती मूळ ठिकाणी चढविणाऱ्याने. दुवा देणाऱ्याने केवळ त्या उपलब्धतेची वार्ता दिली. या दोहोंतील निवड महत्त्वाची आहे, कारण एक्कावन्नाव्या कलमाच्या पहिल्या भागात हक्कधारकाचे अनन्य हक्क वापरणाऱ्यास भंगकर्ता ठरविताना त्याच्या जाणिवेची अट घातलेली नाही. दुवा म्हणजेच संप्रेषण असे एकदा मानले, तर अजाणतेपणे पाठविलेला दुवाही दिवाणी दृष्ट्या भंग ठरू शकेल.

उलटपक्षी, अधिनियमाच्या ज्या तरतुदी दुसऱ्याने केलेल्या भंगास हातभार लावणाऱ्याविषयी आहेत, त्यांत जाणिवेचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. नफ्यासाठी एखादी 'जागा' बेकायदा संप्रेषणास वापरू देणारा दोषी ठरतो. परंतु तो भंग आहे याची त्यास जाणीव नव्हती व तसे मानण्यास वाजवी कारणही नव्हते, असे असल्यास तो सुटतो. त्रेसष्टावे कलम जाणूनबुजून भंग करणाऱ्यास अथवा त्यास अपप्रेरणा देणाऱ्यास शिक्षा सांगते: सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. व्यापारधंद्यातील लाभासाठी भंग झालेला नसेल, तर विशेष कारणे नमूद करून न्यायालय याहून कमी शिक्षा देऊ शकते.

'दुवा' हा शब्द अधिनियमात आला आहे तो बावन्नाव्या कलमात. दुवे पुरविण्यासाठी, प्रवेश देण्यासाठी अथवा जोडणी करण्यासाठी झालेली क्षणिक वा आनुषंगिक साठवण हा भंग नव्हे, असे २०१२ पासून तेथे म्हटले आहे. यास दोन अपवाद आहेत. हक्कधारकाने असे दुवे स्पष्टपणे निषिद्ध केलेले असतील, अथवा साठविलेली प्रत चोरटी आहे याची संबंधितास जाणीव असेल किंवा तसे मानण्यास वाजवी कारण असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. हक्कधारकाने लेखी तक्रार केल्यास एकवीस दिवसांपर्यंत, अथवा न्यायालयाचा आदेश येईपर्यंत, प्रवेश थांबवावा लागतो. आणि त्यासाठी २०१३ च्या नियमांनी छत्तीस तासांची मुदत घातली आहे. ही तरतूद शब्दशः साठवणीविषयी आहे, दुव्याविषयी नव्हे, हे खरे. तथापि तीवरून विधिमंडळाचा कल दिसून येतो. दुवा देणे हा महाजालाचा नित्याचा व्यवहार आहे, हे त्याने गृहीत धरले. आणि दोषाची सीमारेषा जाणिवेच्या ठिकाणी आखली.

४. मुंबई उच्च न्यायालयातील दोन टप्पे

दुव्याचा प्रश्न नवा असला, तरी 'लोकांपर्यंत कोणी पोहोचविले' हा प्रश्न मुंबईत फार आधी उपस्थित झालेला होता. १९८० नंतर शहरांतून व्हिडिओ कॅसेट लावून तारांच्या जाळ्याने घरोघरी चित्रपट दाखविण्याचा धंदा वाढला. चित्रपटाचे हक्क असणाऱ्यांनी त्यास हरकत घेतली. प्रत्येक कुटुंब आपापल्या घरात बसून पाहते, तेव्हा हे सार्वजनिक प्रदर्शन कसे, असा केबलचालकांचा बचाव होता. गरवारे प्लास्टिक्स अँड पॉलिएस्टर विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात १९८९ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. प्रेक्षक वेगवेगळ्या घरांत बसले आहेत म्हणून ते खाजगी ठरत नाहीत; केबलचालकाच्या दृष्टीने ते 'लोक'च होत, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे. अधिनियमाच्या सध्याच्या स्पष्टीकरणातही उपग्रह वा केबलद्वारे एकाहून अधिक घरांपर्यंत केलेले संप्रेषण हे लोकांपर्यंत केलेले संप्रेषण मानले जाते.

या निर्णयावरून व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या गटासंबंधी एक गोष्ट निष्पन्न होते. गट बंद आहे, सभासद आपापल्या घरी आहेत, म्हणून तेथील व्यवहार खाजगीच, असे म्हणता यावयाचे नाही. मात्र केबलचालक आणि दुवा पाठविणारा यांत एक मूलभूत भेद राहतो. केबलचालकाच्या हाती कॅसेट होती. यंत्र त्याचे होते. त्याने ते बंद केले की चित्र थांबे. दुवा पाठविणाऱ्याच्या हाती यांपैकी काहीही नसते. त्याने आपला संदेश पुसून टाकला, तरी चित्रफीत होती तेथेच राहते.

दुसरा टप्पा २०१६ सालचा. त्या वर्षी 'ढिशूम' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी इरॉस इंटरनॅशनल या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेऊन अज्ञात प्रतिवादींविरुद्ध मनाई मागितली आणि संकेतस्थळे रोखण्याचा आदेश इंटरनेट सेवा-पुरवठादारांस द्यावा अशी प्रार्थना केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती जशीच्या तशी मान्य केली नाही. एखाद्या संकेतस्थळावरील सारीच सामग्री बेकायदा आहे असे दाखविल्यावाचून ते संपूर्ण स्थळ रोखता येणार नाही. पडताळून पाहिलेले विशिष्ट दुवेच रोखता येतील, अशी भूमिका त्यांनी घेतली.

याच प्रकरणात पुढे ऑगस्ट महिन्यात आणखी एक मुद्दा निघाला. रोखलेल्या दुव्यावर गेलेल्यास जी सूचना दिसे, तीत चोरटी चित्रफीत पाहणे हाही अपराध असल्याचे सूचित होई. न्यायालयाने ते दुरुस्त केले. केवळ पाहणे हा अपराध नव्हे. परवानगीवाचून हक्कधारकास बाधक असे वितरण, सार्वजनिक प्रदर्शन, विक्री वा भाडे हा अपराध होय, असे त्याने स्पष्ट केले. या स्पष्टीकरणाने दुव्याच्या प्रश्नास निराळेच वळण मिळते. पाहणाराच जर अपराधी नाही, तर त्यास वाट दाखविणारा पाहणाऱ्याच्या अपराधात साहाय्य करतो असे म्हणता येत नाही. दोष ठरवावयाचाच, तर तो चित्रफीत चढविणाऱ्यास साहाय्य केले या नात्याने ठरवावा लागेल.

५. परदेशांतील विचार

नेमक्या याच तर्काने अमेरिकेतील सातव्या प्रभागाच्या अपील न्यायालयाने २०१२ साली फ्लावा वर्क्स विरुद्ध गंटर हा खटला निकालात काढला. सभासदांनी निवडलेल्या चित्रफितींचे दुवे एकत्र करून त्या आपल्या पानावर दाखविणारे संकेतस्थळ त्यात प्रतिवादी होते. न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी त्याची तुलना नाटकांचे प्रयोग कोठे चालू आहेत हे छापणाऱ्या नियतकालिकाशी केली. नाट्यगृहाचा पत्ता छापणारा काही नाटकाचा प्रयोग करीत नाही, हा त्यातील भाव. त्यापूर्वी २००७ साली परफेक्ट टेन विरुद्ध अ‍ॅमेझॉन या खटल्यात नवव्या प्रभागाने, सामग्री ज्याच्या यंत्रावर साठविलेली आहे तोच ती प्रदर्शित करतो, अशी कसोटी लावली होती. या कसोटीस मर्यादा आहेत. न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने २०१८ साली एका छायाचित्राच्या अंतःस्थापनासंबंधी ती नाकारली. सामग्री कोणाच्या यंत्रावर आहे हे पाहणाऱ्यास दिसत नाही. मग तेवढ्यावरच जबाबदारी कशी टळावी, असा त्यामागील आक्षेप होता.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने वेगळी वाट धरली. १३ फेब्रुवारी २०१४ च्या स्वेन्सन निर्णयात त्याने दुवा देणे हे संप्रेषण असू शकते, हे प्रथम मान्य केले. परंतु जी सामग्री हक्कधारकाच्या अनुमतीने सर्वांस खुली आहे, तिचा दुवा 'नव्या लोकांपर्यंत' पोहोचत नाही, म्हणून त्यास पुन्हा अनुमती लागत नाही, असे ठरविले. सर्वांस खुले असलेले दार दाखविण्याने पाहणाऱ्यांचा वर्ग वाढत नाही. दारास कुलूप असेल आणि दुवा ते चुकवीत असेल, तर मात्र वर्ग वाढतो व भंग होतो.

मूळ सामग्रीच अनुमतीवाचून ठेवलेली असेल तर काय, हा प्रश्न ८ सप्टेंबर २०१६ रोजी जीएस मीडिया या प्रकरणात सुटला. लाभाचा हेतू नसलेल्या व्यक्तीस सामग्री चोरटी आहे हे सहसा कळू शकत नाही. म्हणून तिला ते ठाऊक होते अथवा ठाऊक असावयास हवे होते, हे दाखविले पाहिजे. उलट, जो लाभासाठी दुवे देतो त्याने चौकशी करावी अशी अपेक्षा असल्याने त्याची जाणीव गृहीत धरली जाते. ते गृहीत खोडून काढण्याचा भार त्याच्यावर पडतो. पुढील वर्षी, चोरट्या चित्रपटांचे दुवे आधीच भरून ठेवलेली दूरदर्शन-संचास जोडावयाची पेटी विकणाऱ्यास याच न्यायालयाने दोषी धरले.

ऑस्ट्रेलियात कूपर या गृहस्थांच्या संकेतस्थळावर एकही गाणे साठविलेले नव्हते. सारे दुवेच होते. तरीही २००५ व २००६ साली तेथील संघीय न्यायालयाने त्यांना जबाबदार धरले. त्यांनी स्वतः संप्रेषण केले असे न्यायालयाने म्हटले नाही. दुसऱ्यांच्या भंगास त्यांनी अधिकृतपणा दिला, असे म्हटले.

६. दिल्लीतील निर्णय

भारतात महाजालावरील मध्यस्थांच्या जबाबदारीचा विस्तृत विचार सुपर कॅसेट्स विरुद्ध मायस्पेस या खटल्यात झाला. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मायस्पेसविरुद्ध मनाई दिली होती. २३ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने ती फिरविली. 'जागा' या शब्दात महाजालावरील जागाही येऊ शकते, हे खंडपीठाने अमान्य केले नाही. मात्र दोषासाठी जाणीव प्रत्यक्ष व विशिष्ट हवी, कोठे ना कोठे चोरटी सामग्री असणार एवढी सर्वसाधारण शंका पुरेशी नाही, असे त्याने म्हटले. अमुक कृती, अमुक ठिकाणी, असे नेमके कळविल्यानंतरही जो हालचाल करीत नाही, तो संरक्षण गमावतो.

१० एप्रिल २०१९ च्या यूटीव्ही निर्णयात त्याच न्यायालयाने प्रामुख्याने चोरीवरच चालणारी संकेतस्थळे ओळखण्याच्या खुणा सांगितल्या. भंगास साहाय्यभूत होणाऱ्या साधनांच्या सूच्या वा निर्देशिका तेथे आहेत काय, ही त्यांपैकी एक खूण होय. अशा स्थळांच्या नव्या नावाने निघणाऱ्या प्रतिकृतींसही मनाई लागू करण्याची सोय न्यायालयाने केली. तात्पर्य, एकटादुकटा दुवा आणि दुव्यांची पद्धतशीर पेढी यांत न्यायालय भेद करते.

ऑगस्ट २०२२ मध्ये एका अध्यापिकेची व्याख्याने व अभ्यास-साहित्य टेलिग्रामच्या वाहिन्यांवरून परवानगीवाचून पसरविले जात असल्याच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वाहिन्या चालविणाऱ्यांची माहिती उघड करण्याचा आदेश दिला. नाव लपलेले आहे म्हणून जबाबदारी लपत नाही, हा त्याचा धडा विद्यार्थ्यांस विशेष उपयुक्त आहे.

येथे गटाच्या चालकाचाही विचार करणे इष्ट. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी असा निर्णय दिला, की समान हेतू वा पूर्वनियोजन दाखविल्यावाचून सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या चालकास दोषी धरता येणार नाही. ते प्रकरण प्रताधिकाराचे नव्हते. परंतु दुसऱ्याच्या कृत्याची फौजदारी जबाबदारी आपोआप चिकटत नाही, हे त्यातील तत्त्व येथेही मार्गदर्शक आहे.

७. मीमांसा

या सर्व निर्णयांची भाषा भिन्न असली, तरी त्यांतून तीन प्रश्न वेगळे काढता येतात. चित्रफीत मूळ ठिकाणी कोणाच्या अनुमतीने आहे? दुवा खुल्या दाराचा आहे, की कुलूप चुकविणारा? आणि दुवा देणाऱ्यास काय ठाऊक होते व त्यास त्यापासून काय लाभ होता?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हक्कधारकाच्या बाजूने आले, आणि दारही खुले असले, तर चर्चा तेथेच संपते. यूट्यूबच्या अटींनुसार चित्रफीत चढविणारा इतर वापरकर्त्यांस ती त्या सेवेच्या सोयींतून, अंतःस्थापनासह, वापरण्याची अनुमती देतो. निर्मात्याने स्वतः ठेवलेल्या चित्रफितीचा दुवा पाठविणारा त्याच अनुमतीच्या आधारे वागतो. अर्थात, चढविणाऱ्याजवळ जे हक्कच नाहीत, त्यांची अनुमती तो देऊ शकत नाही.

खरी अडचण चोरट्या चित्रफितीच्या दुव्याची आहे. अपप्रेरणा म्हणजे गुन्ह्यास हेतुपूर्वक साहाय्य. चित्रफीत चढविताच भंग पूर्ण झाला असे मानल्यास, त्यानंतर दिलेला दुवा घडून गेलेल्या गोष्टीस साहाय्य कसा करणार, असा युक्तिवाद बचावासाठी करता येतो. परंतु अधिनियमातील व्याख्या 'उपलब्ध करून देण्या'ची आहे. चित्रफीत जोवर तेथे आहे तोवर उपलब्धता चालूच असते, आणि ती लोकांच्या उपयोगास येते ती बव्हंशी दुव्यांमुळेच. कोणासही न सापडणारी चोरटी प्रत निर्मात्याचे फारसे नुकसान करीत नाही; सापडण्याजोगी झाली म्हणजे करते. म्हणून चोरी ठाऊक असताना, विशेषतः लाभासाठी, दुवे पसरविणाऱ्यास साहाय्यकर्ता मानणे हे अधिनियमाच्या शब्दांशी आणि हेतूशीही सुसंगत आहे.

याउलट, अजाणतेपणे पाठविलेल्या साध्या दुव्यास थेट संप्रेषण ठरविणे हे अतिव्याप्तीचे होईल. तसे झाल्यास संशोधकाची तळटीप, ग्रंथपालाची सूची आणि वार्ताहराचा संदर्भ हे सर्वच संशयाच्या छायेत येतील. जाणिवेची कसोटी दोन्ही टोके टाळते, आणि ती परदेशातून उसनी आणावी लागत नाही; आपल्याच अधिनियमाच्या एक्कावन्न, बावन्न आणि त्रेसष्ट या कलमांत ती विद्यमान आहे. मात्र जाणीव म्हणजे केवळ कबुली नव्हे. कालच चित्रपटगृहात लागलेला चित्रपट आज अनोळखी स्थळी फुकट दिसत असेल, तर 'वाजवी कारण नव्हते' असे म्हणणे सुजाण माणसास कठीण जाईल. २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती अधिनियमाने चित्रपटगृहात अनधिकृत मुद्रण करण्यास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे, ही गोष्टही आता अपरिचित राहिलेली नाही.

८. विद्यापीठीय व्यवहारातील उपयोजन

अध्यापक व विद्यार्थी यांना दुव्यांचा व्यवहार नित्य करावा लागतो. म्हणून काही उदाहरणे घेणे उपयुक्त होईल.

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचे कार्य १९१८ पासून नाशिकला चालले. त्यांचे 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन' हे अनुक्रमे १९१३ व १९१९ सालचे चित्रपट प्रताधिकाराच्या मुदतीबाहेर गेलेले आहेत. त्यांचा दुवा देण्यास कोणाच्या अनुमतीची गरज नाही. मात्र मूळ मूकपटास कोणी अलीकडे नवे संगीत जोडले असेल, तर त्या संगीतावर स्वतंत्र हक्क असू शकतो.

'श्यामची आई' या आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनवर्षाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे तो २०१३ अखेर संपला. मूळ पुस्तकाचे लेखक साने गुरुजी १९५० साली निवर्तले. साहित्यकृतीचा प्रताधिकार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे चालत असल्याने तो २०१० अखेर संपला. परंतु संगीतकार वसंत देसाई यांचे निधन १९७५ सालचे. त्यांच्या संगीतरचनेवरील हक्काची मुदत, तो आज कोणाकडेही असो, २०३५ अखेरपर्यंत जाते. एकाच चित्रफितीत अशा रीतीने मुक्त आणि संरक्षित घटक एकत्र नांदतात; म्हणून 'जुना चित्रपट आहे, आता काही हरकत नाही' हे सरसकट विधान धोक्याचे होय.

अध्यापकाने वर्गासाठी व्याख्यानाचा दुवा देताना ती चित्रफीत संस्थेच्या वा वक्त्याच्या अधिकृत वाहिनीवरील आहे, एवढे पाहिले तरी बहुतेक अडचणी टळतात. व्यक्तिगत उपयोग, संशोधन, समीक्षा आणि वृत्तनिवेदन यांसाठीचा न्याय्य वापर बावन्नाव्या कलमाने मान्य केला आहे; शिक्षणक्रमातील वापरासही त्यात स्थान आहे. परंतु सशुल्क अभ्यासक्रमाची चोरून मुद्रित केलेली व्याख्याने गटातून वाटणे त्या संरक्षणात सहसा बसणार नाही. संदर्भासाठी संचिका पाठविण्याऐवजी अधिकृत दुवा पाठविणे, आणि तक्रार येताच संशयित दुवा काढून टाकणे, हे दोन नियम पाळण्यास सोपे आहेत. उलट, कोणी निराधार धमकी देत असेल, तर साठाव्या कलमान्वये तीविरुद्ध दाद मागण्याचा मार्गही अधिनियमाने खुला ठेवला आहे.

९. उपसंहार

आरंभी उल्लेखिलेल्या दोन दुव्यांकडे आता परत वळता येईल. लिलावाची चित्रफीत तिच्या कर्त्यानेच सर्वांसाठी ठेवलेली आहे. तिचा दुवा शेकडो शेतकऱ्यांना पाठविला, तरी कोणाच्या हक्कास बाध येत नाही, आणि त्यातील भाव तर कोणाच्याच मालकीचा नाही. नव्या चित्रपटाचा दुवा पाठविणाऱ्याविषयी असे म्हणता येणार नाही. तो कोठून आला हे त्यास खरोखरच कळण्यासारखे नसेल, तर अधिनियमातील जाणिवेची अट त्याचे रक्षण करते. कळत असूनही त्याने तो पाठविला असेल, तर 'मी केवळ पत्ता सांगितला' हे उत्तर त्यास शेवटपर्यंत पुरणारे नाही.